फवारलेले गुलाब

बाग राखणाऱ्या माणसाला झाडं कधी त्रास देत नाहीत. त्रास देतं ते झाडांवरून उतरलेलं. कापलेलं गवत, छाटलेल्या फांद्या, वाळकी फुलं, औषधांच्या रिकाम्या बाटल्या. हे सगळं टाकायचं कुठे?

मैरामने हा प्रश्न फार पूर्वीच सोडवून टाकला होता. बिश्केक शहराच्या दक्षिणेला, डोंगराच्या अंगाला, मोठ्या घरांच्या दहा-बारा बागा ती राखायची. हाताखाली सागिन नावाचा गडी आणि एक जुना छोटा ट्रक. बागांचा कचरा रीतसर घेणारी जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला, जायला-यायला दोन तास. मैराम राहायची त्या वस्तीमागे मात्र एक कोरडी घळ होती. तिथे दहा मिनिटांत ट्रक रिकामा व्हायचा.

वस्तीतला म्हातारा पशुवैद्य तुर्गुनबाय याला सगळे मानाने अक्साकाल, म्हणजे वडीलधारे, म्हणत. त्याने तिला वसंतातच हटकलं होतं.

"मैराम, लोकांच्या बागा आरशासारख्या ठेवतेस. मग आमच्या घळीनेच तुझं काय घोडं मारलंय?"

"अहो अक्साकाल, पालाच तर आहे! कुजून माती होईल. विकतचं खत फुकट टाकतेय असं समजा."

"पाला असता तर बोललो नसतो. तुझ्या पाल्यावर काय काय फवारलेलं असतं ते तुला माहीत आहे. गुरांना माहीत नाही."

"मग गुरांना शाळेत घाला!" मैराम हसली, सागिनही हसला, आणि ट्रक घळीकडे वळला.

आपणही असेच हसतो, नाही का? सांगणारा म्हातारा असला की जरा जास्तच.

जूनमधला तो शुक्रवार. एका घरी दुसऱ्या दिवशी मुलाच्या लग्नाची मेजवानी होती. सकाळीच मैरामने तिथल्या गुलाबांवर मावा किडीचं औषध मारलं होतं. दुपारी मालकीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हा गुलाबांचा ताटवा काढूनच टाका. इथे मांडव घालायचाय."

फुलं ऐन बहरात होती. सागिन कातर हातात घेऊन घुटमळला. तो मैरामला एजे, म्हणजे ताई, म्हणायचा.

"एजे, हे आजच फवारलंय. बाटलीवर कवटी आहे. हे तरी लांबच्या जागेवर नेऊ या."

"कवटी मलाही दिसते. उन्हात वाळलं की उडून जातं औषध. चल, हातमोजे घाल."

तीन वाजता गुलाब, गवत आणि औषधाची बाटली, सगळं घळीत पडलं. पोती झटकून परत घेतली, कारण पोती पुन्हा लागतात.

पाचच्या सुमाराला मैराम घरी चालली होती. केंजे-अपाच्या फाटकासमोर तिला गर्दी दिसली. केंजे-अपा म्हणजे गल्लीतली सगळ्यांची आजी. मुलगा-सून परदेशात कामाला, घरात ती, सहा वर्षांची नात आयचुरेक आणि एक तांबडी गाय.

गाय आडवी पडली होती. तोंडातून फेस येत होता, पाय थडथड उडत होते. तुर्गुनबाय तिच्या मानेशी गुडघे टेकून बसला होता.

"काय खाल्लं हिने? विष कोणतं ते कळल्याशिवाय उतारा काय देऊ? बोला कुणीतरी!"

"घळीकडे चरत होती रे, रोजच्यासारखी," केंजे-अपा रडत म्हणाली. "गवतच खाल्लं असेल, दुसरं काय!"

त्या गर्दीत उत्तर एकट्या मैरामला माहीत होतं.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. लोक काय म्हणतील? बागा हातच्या जातील. पोलीस येतील. कदाचित दुसरंच काही खाल्लं असेल. कदाचित उठेलही गाय. ती दोन पावलं मागे सरली. कुणी आपल्याकडे बघतंय का, हे तिने पाहिलं. कुणीही बघत नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात घरातून आयचुरेक बाहेर आली. भिंतीला धरून, झोपेत चालावं तशी.

"अपा, मला मळमळतंय."

तिच्या डोक्यावर गुलाबांचा मुकुट होता. तांबडे, टपोरे, दुपारी घळीत टाकलेले गुलाब. हनुवटीवरून लाळ गळत होती. आणि मुठीत उरलेल्या पाकळ्या ती अजूनही चघळत होती!

"थुंक! थुंकून टाक ते!" मैराम किंचाळली. तिने गर्दी फोडली, पोरीच्या डोक्यावरचा मुकुट उपटून फेकला, तोंडात बोट घालून पाकळ्या काढल्या. "पाणी आणा! कपडे काढा तिचे! अहो, विष आहे ते! मी टाकलंय! सकाळी फवारलेले गुलाब मीच टाकलेत घळीत!"

केंजे-अपाने तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं मैराम जन्मभर विसरली नाही.

तुर्गुनबाय पोरीच्या डोळ्यांवर वाकला होता. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"रागवायला नंतर वेळ आहे," तो ओरडला. "औषधाचं नाव?"

नाव तिला आठवेना! भीतीने डोकं रिकामं झालं होतं.

"बाटली! बाटली तिथेच आहे!"

ती घळीकडे धावली. दोनदा पडली. ढिगापाशी आणखी दोन गाई माना घालून उभ्या होत्या. दगड मारत, ओरडत तिने त्यांना हाकललं आणि दोन्ही हातांनी ढीग उपसायला लागली. हातमोजे नव्हते. काटे बोटांत शिरत होते. बाटली मिळेना. पोरगी मेली तर? हा एकच विचार डोक्यात घण घालत होता. शेवटी गवताखाली निळं झाकण दिसलं.

शेजाऱ्याची गाडी तोवर घळीपर्यंत आली होती. मागच्या बाकावर ओल्या चादरीत गुंडाळलेली आयचुरेक तुर्गुनबायच्या मांडीवर होती. "झोपू नकोस, माझ्या कोकरा," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पोरीचा श्वास घरघरत होता. मैराम बाटली छातीशी धरून पुढे बसली. मागे वळून बघायची तिची हिंमत होत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाटली हातातून ओढून घेतली, लेबल वाचलं आणि धावत आत गेल्या. दार बंद झालं.

तासभर कुणी बाहेर आलं नाही. केंजे-अपा मागाहून आली आणि समोरच्या बाकावर बसली. ती शिव्या देत नव्हती, रडतही नव्हती. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मैरामला वाटलं.

"अक्साकाल, मला वाटलं, आपल्या हातातून गेलं की ते संपलं," ती हळूच म्हणाली.

"संपत काही नाही गं," तुर्गुनबाय म्हणाला. "टाकणाऱ्याच्या नजरेआड जातं, इतकंच. तिथेही कुणी राहतं, चरतं, खेळतं. श्रीमंताच्या अंगणातून काढलंस आणि एका म्हातारीच्या पदरात घातलंस. याला सफाई म्हणायचं का?"

दार उघडलं. "वेळेत आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधाचं नाव कळलं म्हणून उतारा लगेच देता आला. जगेल पोर!"

मैराम तिथेच फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडली.

गाय मात्र वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी मैराम आणि सागिन यांनी घळ साफ करायला घेतली. पाच दिवस लागले. पुढे तिने जुन्या फळ्यांचे मोठे हौद करून बिनफवारलेलं गवत आणि पाला त्यांत कुजवायला सुरुवात केली, आणि ते खत त्याच बागांना घातलं. फांद्यांचा भुगा करून झाडांच्या बुडाशी पसरला. फवारलेलं सगळं झाकून लांबच्या जागेवर जाऊ लागलं. बाटल्या तीनदा विसळायच्या, विसळलेलं पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं, आणि बाटली भोक पाडून तिथेच द्यायची. फवारलेल्या झाडाला ठरलेले दिवस कातर लावायची नाही, मग घरी लग्न असो की राजा येवो.

"तुमचे फारच नखरे झालेत," एक मालक म्हणाला. "कचरा माझ्या फाटकाबाहेर गेला, माझं काम झालं."

"माझं नाही झालं," मैराम म्हणाली. तीन गिऱ्हाइकं गेली, बाकीची राहिली.

केंजे-अपाला तिने गाभण कालवड नेऊन दिली. म्हातारीने दावं हातात घेतलं. "पोरीसाठी घाबरून का होईना, तोंड उघडलंस, म्हणून दार उघडलं मी," एवढंच म्हणाली आणि चहाला बस म्हणाली नाही. मैराम त्याबद्दल कुणाकडे कधी कुरकुरली नाही.

नागरिकहो, आपल्या कुंपणाबाहेरची जागा ही कुणाची तरी असते. तिथे काही टाकण्याआधी एक क्षण थांबा. ज्याने ते निर्माण केलं, त्यानेच ते शेवटापर्यंत न्यायला हवं. आणि चूक हातून घडलीच, तर ती बोलून टाकायला वेळ लावू नका. मैराम आणखी थोडा वेळ गप्प राहिली असती, तर आयचुरेक आज जिवंत नसती!