नऊ इंचांची भाकरी

मारुंजीत दादासाहेबांच्या खानावळीत बानूबाई भाकऱ्या थापत असे. मजुरीखेरीज तिला रोज नऊ इंचांची एक भाकरी मिळे. घरी तिघे ती वाटून खात. गावात राहायला आलेल्या, कमी खाणाऱ्या नव्या भाडेकरूंसाठी खानावळीतली भाकरी सहा इंचांची झाली, तेव्हा दादासाहेब म्हणाले, "तुला एकीच्या जागी दोन. तीन इंचांचा फायदाच हाय की!" बानूबाईने आनंदाने मान डोलावली, पण त्या दिवसापासून घरात कोणाचेच पोट भरेना.

दहावीतल्या करिष्माने चुलीपुढच्या राखेत वर्तुळे काढली. "आये, नुसती रुंदी मोजून न्हाई चालत, तिचा वर्ग करायचा. नवाचा एक्क्याऐंशी. सहाचा छत्तीस, दोन्हींचे बहात्तर. जाडी तीच, म्हंजी नववा हिस्सा गेला."

दुसऱ्या दिवशी बानूबाईने धीर करून तेच सांगितले. दादासाहेब हसले. "पोरगी लई हुशार हाय तुजी. गणित बरोबर हाय. पण सकाळीच एक बाई येऊन गेली. ती एकाच भाकरीवर थापायला तयार हाय."

संध्याकाळी बानूबाईने दोन भाकऱ्या फडक्यात बांधून आणल्या.

"काय म्हनले मालक?" करिष्माने विचारले.

"म्हनले, तुजं गणित बरोबर हाय."

करिष्मा हरखून फडक्याची गाठ सोडू लागली.