केसाएवढी तार

आमच्या घरातला फ्यूज उडाला की जाऊबाई येतात. एरवी येत नाहीत. त्या थोरल्या, मी धाकटी. दोघींचेही नवरे गेले, मुलं लांब गेली, आणि दोन गल्ल्यांच्या अंतरावर आम्ही आपापल्या घराची राखण करत बसलो आहोत. पण उगाच म्हणून एकमेकींकडे जायचं नाही, हा आमच्यातला जुना कायदा. जी आधी गेली ती हरली. कशात हरली ते मला विचारू नका. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार.

फ्यूजची मात्र गोष्ट वेगळी. थोरल्या भाऊजींची नोकरी फिरतीची, त्यामुळे घरातली विजेची कामं जाऊबाई स्वतःच शिकल्या. आणि मी? मी साधं पंख्याचं बटणसुद्धा लाकडी पट्टीने दाबते. लहानपणी एकदा झटका बसला होता, तो अजून उतरला नाही.

"जाऊबाई, उडाला हो," मी फोनवर सांगायची.

"काय लावलं होतंस?"

"इस्त्री."

"आणि?"

"हीटर."

"अक्कल गहाण ठेवलीस का गं धाकटे? हात लावू नकोस. येते."

मग त्या टेस्टर घेऊन यायच्या, स्टुलावर चढायच्या, चिनी मातीचा तो फ्यूज ओढून काढायच्या आणि नवी तार घालायच्या. मी बॅटरी धरायची, ती नेमकी त्यांच्या डोळ्यांवर. त्याबद्दल बोलणी खायची. मग चहा नको म्हणत म्हणत दोन कप व्हायचे, दोन्ही कपांना नावं ठेवली जायची, आणि अंधार पडेपर्यंत घरात माणसाचा आवाज असायचा.

इस्त्री आणि हीटर मी मुद्दामच एकत्र लावायची. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ना, तसं. घर फारच खायला उठलं की मी फडकी इस्त्री करायला घ्यायची.

एकदा मुलाचा फोन आला तेव्हा जाऊबाई नेमक्या स्टुलावर होत्या, आणि मी बोलून गेले. तो तिकडे उखडलाच. "काकू या वयात स्टुलावर? आई, पडली म्हणजे? आणि ते डबडं एक दिवस घर पेटवेल." त्याचं खोटं नव्हतं. जाऊबाई पडतील हे माझ्या मनातच आलं नव्हतं, आणि आल्यावर जाईना. मी हो म्हटलं. त्याने तिथूनच परवानाधारक इलेक्ट्रिशियन ठरवला.

इलेक्ट्रिशियन गळ्यात ओळखपत्र घालून आला. आधी खोलीखोलीतून फिरला, कुठे काय चालतं ते विचारून घेतलं, मग मेन स्विच बंद केला. फ्रिजची घरघर थांबली. त्या घरघरीची मला किती सोबत होती ते तेव्हा कळलं.

एवढ्यात दारात जाऊबाई. न बोलावता. "तुझ्या लेकाने फोन केला होता. माणूस काम नीट करतो का बघ म्हणाला," त्या चप्पल काढता काढता म्हणाल्या. लेकाने असं काही केलं असेल असं मला वाटत नाही, पण मी विचारलं नाही. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि त्याच्या हातांकडे बघत राहिल्या.

इलेक्ट्रिशियनने जुना फ्यूज काढला, खिडकीपाशी नेला, आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे वळला.

"मावशी, ही तार कोणी घातली?"

"का हो?"

"लोक जाड तार घालतात, फ्यूज परत परत जाऊ नये म्हणून. तेही चूकच, पण निदान कळतं. इथे उलटंच. केसाएवढी तार आहे ही. यावर नुसता हीटरसुद्धा टिकला नसता. घालणाऱ्याला फ्यूज उडायलाच हवा होता की काय?"

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. ते घड्याळ कधीचं बंद आहे.

म्हणजे मी उगाचच फडक्यांना इस्त्री करत होते.

"मीच घातली," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या लाकडी पट्टीकडे. मघाशी त्याच्यासमोरच मी पंखा बंद केला होता. पण शहाणा माणूस, मुकाट कामाला लागला. जाऊबाईंचे कान लाल झाले होते. मला हसूही येईना आणि रडूही येईना.

दुपार कलली तेव्हा नवा बोर्ड बसला होता. छातीच्या उंचीवर, स्टूल नको म्हणून. आत बटणांची रांग. "जास्त लोड झाला की हे खाली पडेल," त्याने दाखवलं. "कारण काढायचं, बोटाने वर करायचं, झालं. आता कोणाला बोलवायला नको, मावशी."

बिचाऱ्याने चांगल्या मनानेच सांगितलं.

तो गेल्यावर जाऊबाई उठल्या. मी चहाचं म्हटलं, तर खरंच नको म्हणाल्या. दारात वळून एवढंच बोलल्या, "खोटं बोलायलाही अक्कल लागते, धाकटे. चल. आता माझं इथे काय काम."

संध्याकाळी मी हीटर लावला. इस्त्री लावली. मिक्सर रिकामाच फिरवला. बोर्ड ढिम्म. सगळे दिवे लख्ख, आणि त्या उजेडात मी एकटी, हातात एक इस्त्री केलेलं फडकं. त्यांच्याकडे चालत जायला दोन गल्ल्याच होत्या. पाय उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. काय सांगणार होते जाऊन? करमत नाही म्हणून? ते शब्द आमच्या दोघींच्या तोंडाला कधी लागलेच नाहीत.

मग मी सगळं बंद केलं, लाकडी पट्टी घेतली, बोर्डाचं झाकण उघडलं, डोळे मिटले आणि सगळ्यात मोठं बटण खाली ढकललं. घर काळंकुट्ट झालं.

"जाऊबाई, उडाला हो."

"नवा बोर्ड, आणि उडाला?"

"उडाला."

"काय लावलं होतंस?"

"काहीच नाही."

पलीकडे खण ओढल्याचा आवाज आला.

"हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "येते."

त्या आल्या त्या टेस्टर, बॅटरी आणि तारेचं रीळ घेऊन. तारेचं आता काही काम नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी बॅटरी धरली, नेहमीसारखी चुकीची. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. खाली पडलेलं एकच बटण पाहिलं. मग जमिनीवरची लाकडी पट्टी पाहिली. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

त्यांनी झाकण हळूच लावलं, टेस्टर टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसल्या.

"काम मोठं दिसतंय," जाऊबाई म्हणाल्या. "वेळ लागेल. आधी चहा टाक."