मी जाईबाईंना खोटं पाडलं

मी टीव्ही बोलतोय. भिंतीला चिकटून बसणारा नव्हे. नायगावच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत निम्मी भिंत अडवून बसलेला जुना प्रोजेक्शन टीव्ही. बोलतोय खरा, पण माझ्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. माझा स्वतःचा तर उरलेला नाही.

माझी पहिली वर्षं दादरला, रघुवीर साहेबांच्या दिवाणखान्यात गेली. मला तिसऱ्या मजल्यावर चढवायला चार हमाल लागले होते, हे साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे. मॅच असली की अख्खी बिल्डिंग माझ्यासमोर. मग सपाट टीव्ही आले आणि मी एकाएकी अडगळ झालो. माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. साहेबांनी मला ऑफिसातल्या कोंडीराम शिपायांना देऊन टाकलं, व्हिडिओ प्लेयरसकट.

कोंडीराम मला हातगाडीवरून घेऊन आले तेव्हा त्यांच्या बायकोनं, जाईबाईंनी दारातच कपाळाला हात लावला. याला ठेवायचं कुठं आणि आपण बसायचं कुठं, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. पण मग पोटमाळ्यावरून त्यांच्या मुलाच्या, अजितच्या लग्नाची कॅसेट निघाली आणि पलंग सरकवून मला जागा झाली. लग्नाचे फोटो सव्वीस जुलैच्या पुरात गेले होते. उरली होती ती एवढी कॅसेट.

सहा वर्षांपूर्वी कोंडीराम गेले. तेव्हापासून दर पौर्णिमेला, बुद्धवंदना झाली की जाईबाई ती कॅसेट लावायला सांगतात.

यंदा घरात काहीतरी बिनसलं. जाईबाईंनी एकदा गॅस चालू ठेवला. एकदा शेजारणीला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. अजित घाबरला. त्यानं घराची किल्ली आईच्या कमरेची काढून बायकोकडे, नम्रताकडे दिली आणि आईनं एकटीनं बाहेर जायचं नाही असं ठरवून टाकलं.

त्यातच पौर्णिमा आली. कॅसेट लागली. जाईबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे निळं लुगडं यांनी आणलेलं. निळा आपला रंग, असं म्हणाले होते."

अजितनं पाहिलं, नम्रतानं पाहिलं. मीही आतून नीट पाहिलं. लुगडं मेंदीच्या रंगाचं होतं.

"आई," अजित हलक्या आवाजात म्हणाला, "मेंदी कलरचं आहे गं ते."

जाईबाई खूप भांडल्या. पण लुगडं त्यांनी बहिणीला देऊन टाकलेलं, बहीण गेलेली, आणि साक्षीला उरलो मी. मला कुणी विचारलं असतं तर मीही शपथेवर सांगितलं असतं की बाईंचं चुकतंय. अजितनं डॉक्टरांची वेळ घेतली. त्यानंतर जाईबाई बोलताना मध्येच थांबू लागल्या. आपण बरोबर बोलतोय ना, हे अजितच्या चेहऱ्यावर पाहू लागल्या. ते मला बघवत नसे, पण मी दाखवत होतो ते खोटं आहे असंही मला कुठं वाटत होतं?

डॉक्टरकडे जायच्या आदल्या रविवारी त्यांनी पुन्हा कॅसेट लावायला सांगितली. बराच वेळ एकटक पाहत बसल्या. मग नम्रताला जवळ बोलावलं.

"लग्नात तू पिवळी साडी नेसली होतीस का गं?"

"नाही आई, पांढरी. आपल्यात पांढरीच असते ना."

"मग हा पिवळी का दाखवतोय?"

नम्रता माझ्याजवळ येऊन निरखू लागली. कॅसेट जुनी झाली असेल, असं अजित काहीतरी पुटपुटला. जाईबाई पदर खोचून उठल्या.

"आधी याला डॉक्टरला दाखव. मग मला ने."

अजित हसला, पण त्याच दुपारी भायखळ्याहून राजाराम मेकॅनिकला घेऊन आला. राजारामनं माझी पाठ उघडली. माझ्या आत तीन नळ्या आहेत, लाल, हिरवी आणि निळी. आणि प्रत्येकीच्या तोंडाशी, ती तापू नये म्हणून कूलंट भरलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. सगळं चित्र त्या पाण्यातूनच बाहेर पडतं. निळ्या नळीचे स्क्रू काढून त्यानं पाणी वाटीत ओतलं. गढूळ, पिवळट, वर बुरशीचे धागे. माझा निळा रंग त्यातच अडकून पडत होता. सगळ्यांनी वाकून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

राजारामनं काच पुसली, रबराची रिंग बदलली, नवं कूलंट बुडबुडा येऊ न देता भरलं. मला चालू केलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. एकाच्या जागी दोन-दोन कोंडीराम दिसत होते, एक निळे, एक तांबूस. राजाराम बटणं दाबत राहिला. हळूहळू दोन्ही कोंडीराम एकमेकांत मिसळले.

नम्रताची साडी पांढरीशुभ्र होती. आणि कोंडीरामांच्या शेजारी जाईबाई उभ्या होत्या, गडद निळ्या लुगड्यात.

अजित माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आई, निळं आहे," तो म्हणाला. नम्रतानं किल्ली सासूच्या हातात ठेवली.

जाईबाईंनी ती न बघताच कमरेला खोचली.

"मला ठाऊकच होतं," त्या म्हणाल्या. "तू बाजूला हो जरा. हे दिसेनात."

डॉक्टरकडे त्या गेल्या, अजितचा हात धरून. गॅस तर खरोखरच चालू राहिला होता. त्याचं काय, ते मला सांगता येत नाही. मी आता पटकन मत देत नाही.

पुढच्या महिन्यात पुनर्विकासासाठी चाळ रिकामी होणार आहे. नव्या घरात मी मावणार नाही. भंगारात घाला, माझी तक्रार नाही. फक्त तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला माझ्यासारख्याच्या साक्षीवर खोटं पाडू नका. मी मोठा, माझा उजेड मोठा, म्हणून माझंच खरं वाटतं. आतलं पाणी कधी गढूळ झालं, ते मला स्वतःलाही कळलं नव्हतं.