गुठळी व्हायलाच हवी

नणंदेचा फोन आला तेव्हा वहिनीच्या हातात मोजे होते, म्हणून तिने तो कोपराने स्पीकरवर टाकला. "वहिनी!" अशी हाक घुमली आणि अख्ख्या प्रयोगशाळेने ओ दिली. ही हाक ऐकून ऐकून सर सोडले तर सगळेच तिला वहिनी म्हणायला लागले होते.

"पेशंटच्या भावाचं रक्त जुळलं, मामाचंही जुळलं," नणंद म्हणाली. ती इस्पितळाच्या रक्तपेढीत डॉक्टर होती.

"मग छानच की!"

"छान काय डोंबलाचं! मग मी माझं तपासलं. तेही जुळलं. वहिनी, तुझ्या अँटिबॉडीच्या बाटलीत नुसतं पाणी आहे गं!"

वॉर्डात एक शिक्षिका हृदयाच्या ऑपरेशनसाठी खोळंबली होती. जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तपेशींवर असणारी एक खूण तिच्या पेशींवर नव्हती. ती खूण असलेलं रक्त दिलं तर तिचं शरीर त्याच्याशी वैर धरणार, आणि ते जिवावर बेतणार. शिवाय तिचं रक्त सध्या ज्याच्या-त्याच्याशी भांडत होतं, त्यामुळे थेट जुळवून बघण्यात अर्थ नव्हता. वहिनीने प्रयोगशाळेत बनवलेली अँटिबॉडी त्या खुणेला चिकटायची आणि रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या. गुठळी झाली की ते रक्त बाद. पण अँटिबॉडीच निकामी असली तर कुणाच्याच रक्ताची गुठळी होणार नाही, आणि सगळ्या गावाचं रक्त चालतंय असं दिसणार. नणंद चौकस नसती तर काय झालं असतं, हा विचारही वहिनीला सोसेना.

मूळ अँटिबॉडी ज्या पेशी बनवायच्या, त्या फ्रीझर बिघडून मेल्या होत्या. वहिनीने त्या मढ्यांतूनच जनुकं काढली, अँटिबॉडीच्या जड आणि हलक्या अशा दोन्ही साखळ्या वाचल्या, आणि तो मजकूर ताज्या पेशींत घालून अँटिबॉडी नव्याने घडवली. बाटली कशी स्वच्छ, नितळ दिसत होती. दिसण्यावर गेली, तिथेच फसली.

"आता नाद सोडा," सर म्हणाले. "मेलेल्या पेशींत खोट असणारच."

"खोट असेल तर शोधते ना, सर. त्या बाईंचे डॉक्टर म्हणतात, हा महिना गेला की ऑपरेशन करूनही उपयोग नाही."

सर मान हलवत निघून गेले. वहिनी खुर्ची ओढून बसली आणि एकेक अक्षर पुन्हा वाचू लागली. जड साखळीत काही वावगं नव्हतं. हलकी मात्र पहिल्याच प्रयत्नात, अगदी भरभरून हाती आली होती. तेव्हा ती खूश झाली होती. आता तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिने नणंदेला फोन लावला. "अगं, मी गाढव आहे! अँटिबॉडी बनवणारी उंदराची ही पेशी मुळात एका कधी न मरणाऱ्या कॅन्सरपेशीशी जोडलेली. त्या कॅन्सरपेशीची स्वतःची एक हलकी साखळी असते, कुठल्याच कामाची नाही. मी माहेरची समजून सासरचीच उचलली!"

"सासरच्यांना नावं ठेवायची एक संधी सोडू नकोस," नणंद म्हणाली. मग आवाज उतरला. "खरी मिळेल?"

"मिळवणार."

ते काम काही सोपं नव्हतं. नको असलेल्या साखळीची वाट अडवून खरी वेगळी काढायची, आणि मढ्यांतून काढलेला द्रव तर तळाला गेलेला. दोनदा हाती काहीच लागलं नाही. तिसऱ्यांदा तिने उरलासुरला थेंब घातला आणि प्रार्थना वगैरे न करता यंत्रासमोर ठाण मांडून बसली. पडद्यावर जनुकाची पट्टी उमटली, फिकी, पण सासरच्या साखळीहून वेगळी. पुढे नवं जनुक मागवणं, पेशी वाढवणं, गाळणं सगळं ती स्वतः करत राहिली. घरी नवऱ्याने स्वयंपाकघर सांभाळलं आणि तक्रारीही यथास्थित केल्या.

बाटली दाराबाहेर काढण्याआधी तिने स्वतःचं बोट टोचून रक्ताचा थेंब त्या अँटिबॉडीत मिसळला. रक्ताची रवाळ गुठळी झाली. ती एवढ्या मोठ्याने ओरडली की सर धावत आले.

बाटली घेऊन ती स्वतःच रक्तपेढीत गेली. नणंदेने शिक्षिकेच्या भावाचं रक्त लावलं. गुठळी. मामाचं. गुठळी. चुलत भावंडं एकामागून एक बाद झाली. जिच्यासाठी इतके दिवस जिवाचं रान केलं, ती गुठळी आता होऊ नये म्हणून दोघी श्वास रोखून बघत होत्या. शेवटी राहिली शिक्षिकेची थोरली बहीण, जी लांबून त्याच दिवशी आली होती.

काचपट्टीवर काहीच झालं नाही. सगळं एकसारखं लाल.

"पुन्हा," वहिनी म्हणाली. "शेजारी माझं लाव."

वहिनीच्या रक्ताची गुठळी झाली. बहिणीचं तसंच राहिलं. नणंदेने तिसऱ्यांदा लावलं, तरी तसंच. वहिनीचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

बहीण दारातूनच बघत होती. "काही होत नाहीये का हो?" तिने घाबरून विचारलं.

"नाही ताई," वहिनी म्हणाली, "काहीच होत नाहीये. या, इथे आडव्या व्हा."