दोन कडांमधलं उत्तर

मित्रांनो, आकडेमोड करणाऱ्या एका जुन्या यंत्राची ही हकिकत आहे, आणि ते यंत्र म्हणजे मीच. माझं अंग लोखंडाचं, चाकं पितळेची आणि उजव्या बाजूला एक दांडी. दांडी पुढे फिरवली की मी मिळवतो, मागे फिरवली की वजा करतो. वजा करता करता शून्याची हद्द ओलांडली, की माझ्या पोटातली लहानशी घंटी वाजते. मग फिरवणारा थांबतो आणि एक फेरा परत येतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड गावातल्या कारखान्यात झाला. तिथून मी मुंबईच्या एका विमा कंपनीत आलो. माणसाच्या आयुष्याचा विमा उतरवायचा, तर त्याच्या वयाची माणसं साधारण किती जगतात, हे आधी काढावं लागतं. ते काढण्याचं काम माझ्याकडे होतं. माझ्यापुढे रत्नागिरीचे आत्माराम भाटकर बसत. ते सकाळी कापडाने मला पुसत आणि मगच स्वतःचा चष्मा पुसत. मोठे साहेब पाहुण्यांना मुद्दाम माझ्याकडे घेऊन येत. त्या काळी माझा मोठा मान होता.

पुढे विजेवर चालणारी यंत्रं आली आणि मला टेबलाखाली सरकवण्यात आलं. माझ्यावर धूळ बसली. कोणीतरी माझ्या पाठीवर चहाचा पेला ठेवू लागलं. १९२९ साली आत्मारामकाका नोकरीतून मोकळे झाले, तेव्हा त्यांनी निरोपाची भेट म्हणून मलाच मागून घेतलं. अशा रीतीने मी गोणपाटात गुंडाळला जाऊन आगबोटीने रत्नागिरीला आलो आणि मिरकरवाड्याजवळच्या त्यांच्या घरी पडवीत स्थिरावलो.

मला पाहायला आळी लोटली. मासे विकून परतणारी सखू टोपली खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"ह्या काय दळतं?" तिने विचारलं.

"आकडे," काका म्हणाले.

"नि पीठ कुठं पडतं?"

काका खूप हसले. मला मात्र तो प्रश्न आवडला.

शेजारी मथुराबाई शिवलकर राहत. त्यांचा नवरा विठू परदेशी बोटींवर खलाशी होता आणि दोनदोन वर्षांनी घरी येई. त्यांचा मुलगा हरिश्चंद्र मुंबईला राहून गणित घेऊन बी. ए. झाला होता. आळीत एवढं शिकलेला तो पहिलाच. पण ते मंदीचे दिवस होते. त्याने कचेरीत अर्ज केला, शाळांत केला, बंदरावर केला. कुठे जागा नव्हती, कुठे दुसऱ्याच कोणाची शिफारस होती. तो घरी परतला आणि संध्याकाळी काकांच्या पडवीत येऊन गप्प बसू लागला.

एकदा काकांनी त्याच्यापुढे एक छापील तक्ता ठेवला. शिरगणतीवरून केलेला तो आयुर्मानाचा तक्ता होता.

"असं समज," काका म्हणाले, "एकाच दिवशी एक लाख मुलं जन्मली. पहिला वाढदिवस किती जणांनी पाहिला, दुसरा किती जणांनी, ते या रांगांत आहे. खाली खाली वाचत जा."

हरिश्चंद्र वाचत गेला. आकडे लहान होत गेले. अगदी तळाशी, शंभरीच्या जवळ, इनमिन चार माणसं उरली होती. त्याने मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

"काका, यातलं कोण कधी जाणार हे कोणालाच ठाऊक नाही ना?"

"कोणालाच नाही."

"आणि तरी किती जाणार, हे ठाऊक आहे."

"जवळजवळ," काका म्हणाले. "जवळजवळ हा शब्द विसरू नकोस. आमचं सगळं काम त्या शब्दात आहे."

त्या दिवसापासून तो माझ्यापुढे बसू लागला. मित्रांनो, मी पुष्कळ हात पाहिले होते. पण आकडा उमटला की क्षणभर श्वास धरणारा असा माणूस मी पाहिला नव्हता. देवळात गाभाऱ्यापाशी माणसं जशी हळू बोलतात, तसा तो तक्त्यापुढे हळू बोले.

१९३३ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या दुसऱ्या एका विमा कंपनीची जाहिरात वर्तमानपत्रात आली. त्यांना गणना विभागात माणसं हवी होती. उमेदवार गणिताचा पदवीधर असावा, यंत्र चालवता येत असावं, असं तीत लिहिलं होतं. हरिश्चंद्राने अर्ज केला आणि परीक्षेचं बोलावणं आलं. मथुराबाईंना ते काम काय आहे हे कळलं, तेव्हा त्या पडवीच्या पायरीवरच थांबल्या.

"मरणाऱ्यांची गणती करायची? दुसरं काम नाय का रे मिळत?"

"आई, ही गणती जगणाऱ्यांची पण असते."

"ती तू मला नको सांगू," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. तरी निघायच्या दिवशी त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली.

तिथलं यंत्र कसं असेल कोण जाणे, हाताच्या सवयीचं असलेलं बरं, म्हणून काकांनी मला बरोबर दिलं. मे महिना सरत आला होता. पावसाळ्यापुरत्या आगबोटी बंद होण्याचे दिवस जवळ आले होते आणि समुद्राला उधाण होतं. किनाऱ्यावरून आगबोटीपर्यंत माणसांना पडावातून नेत. तो पडाव असा हेलकावत होता की खारं पाणी आमच्या अंगावर उडत होतं. हरिश्चंद्राने मला पोटाशी धरलं होतं. पाणी तरीही गोणपाटातून माझ्या चाकांपर्यंत पोचलं.

परीक्षा एका उंच छताच्या दालनात होती. गणित असं होतं: साठ वर्षांच्या माणसांना ती जगतील तोवर दर वर्षी ठरावीक रक्कम द्यायची, तर त्यासाठी आज किती बाजूला ठेवावी? वर्षावर्षाचा गुणाकार करायचा आणि सगळे मिळवत जायचे. हरिश्चंद्र तक्त्याच्या रांगा उतरू लागला. एकसष्ट, बासष्ट, सत्तर. माझी दांडी मिठाने जड होत चालली होती. ऐंशीच्या रांगेपाशी ती अडकली.

त्याने एकदा हलकेच ओढून पाहिलं, जोर लावला नाही. मला बाजूला ठेवून तो हाताने गुणाकार करू लागला. आजूबाजूला दांड्या खडखडत होत्या. एकेक उमेदवार उठून कागद देत होता. त्याच्या कपाळावरचा घाम कागदावर पडला. अजून बऱ्याच रांगा बाकी होत्या आणि वेळ संपत आला.

मग त्याने लेखणी थांबवली आणि तक्त्याकडे बघत राहिला. आता हा उठून जाणार, असं मला वाटलं. पण त्याने चार ओळी लिहिल्या आणि कागद देऊन टाकला.

विभागाचे प्रमुख दस्तूर नावाचे वयस्क पारशी गृहस्थ होते. त्यांनी एकेकाला आत बोलावलं. हरिश्चंद्र मला काखेत घेऊन आत गेला.

"तुमचा मशीन बंद पडला?" दस्तूर साहेबांनी विचारलं.

"होय साहेब. बोटीत पाणी लागलं."

"इथे तुमी दोन उत्तर लिहिले. बाकी सगळ्यांनी एक लिहिला."

"ती दोन उत्तरं नाहीत, साहेब, दोन कडा आहेत. जिथवर मोजलं तिथवरची बेरीज ही खालची कड. पुढची प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा लहानच असणार. म्हणून उरलेल्या सगळ्या रांगा शेवटच्या मोजलेल्या रांगेएवढ्याच धरल्या, ती वरची कड. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये आहे."

"मध्ये कुठे?"

"ते मला ठाऊक नाही, साहेब."

दस्तूर साहेबांनी दुसरे कागद पुढे ओढले.

"ह्यातला बराच उत्तर चुकीचा हाय," ते म्हणाले. "मशीन चालू होता, आणि उत्तर चुकीचा. पण लिहिला असा, जसा दगडावर कोरला. उद्या ह्या आकड्यावर लोकांच्या म्हातारपणीचा पैसा ठेवायचा हाय." त्यांनी हरिश्चंद्राचा कागद पुन्हा वर घेतला. "तुमी कुठवर ठाऊक हाय ते लिहिला. पंधरा दिवसांनी कामावर या. आणि त्या मशीनला तेल द्या."

त्या दिवशी तिघांना जागा मिळाली. इतर दोघांचं उत्तर अचूक होतं. हरिश्चंद्र बाहेर आला आणि जिन्याच्या पायरीवर मला मांडीवर घेऊन बसून राहिला.

आगबोटी बंद झाल्या होत्या, म्हणून आम्ही कोल्हापूरपर्यंत आगगाडीने आणि पुढे मोटारीने घाट उतरून घरी आलो. काकांनी मला उघडून चाक न् चाक पुसलं. मथुराबाई पडवीत आल्या, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिल्या.

"ह्यात तीन वर्षांची पोरं कुठली?" त्यांनी विचारलं.

हरिश्चंद्राने रांग दाखवली आणि त्या वयात किती जगली, किती गेली ते वाचून दाखवलं.

"नि सवा वर्षाची?"

त्याने एक आणि दोनमधली रांगही वाचून दाखवली. मग त्याच्या ध्यानात आलं. त्याच्या लहानपणी तापाच्या साथीत त्याची बहीण गंगा आणि धाकटा बाबल्या एकाच आठवड्यात गेले होते. घरात त्यांचं नाव कोणी काढत नसे.

"एवढी पोरं?" मथुराबाई म्हणाल्या. "दर लाखात एवढी?"

"होय आई."

"म्हणजे एवढ्या आया." त्या खाली बसल्या. "मला वाटायचं, माझंच काय तरी चुकलं. ताप यायच्या आदल्या दिवशी मी त्यांना पाण्यात खेळू दिलं होतं."

त्यांनी त्या रांगेवर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून दिलं. मी लोखंड-पितळेचा आहे, मित्रांनो, पण त्या वेळी काहीतरी फार मोठं माझ्याजवळून चालत गेलं असं मला वाटलं. इतकी वर्षं मी या रांगा मोजल्या होत्या, आणि त्या केवढ्या मोठ्या आहेत हे मला तेव्हा कळलं.

"आता तू मोजणार," मथुराबाई म्हणाल्या. "मोजून जाणारी कमी होतील काय रे?"

"मोजून नाही होणार, आई. पण कमी झाली, तर ते मोजल्यानेच कळेल."

त्यांनी मान हलवली. "मग नीट मोज," त्या म्हणाल्या.

हरिश्चंद्र मुंबईला गेला आणि त्या विभागात नावाजला गेला. काका वारल्यावर मी इथे हायस्कूलच्या कपाटात आलो. आता मी कामाचा नाही. कधीतरी मास्तर मला बाहेर काढतात आणि तुम्ही माझ्याभोवती गर्दी करता. तेव्हा एवढं करा, मित्रांनो. इथली हवा खारी आहे, मला कोरड्या फडक्याने पुसत जा. दांडी अडली तर ओढू नका, थांबा आणि का अडली ते बघा. आणि मोठा आकडा पुढे आला की तो भरभर वाचून टाकू नका. जरा हळू वाचा. त्यात पुष्कळ माणसं उभी असतात.