पंचतारांकित ‘ढ’

बसा की, पावणं. भिऊ नका, मी मोडायचा नाही. कोल्हापुरातल्या पेठेत काळ्या दगडाची एक शाळा होती, तिचा मी शेवटचा बाक. अंगानं सागवानी, म्हणून तर पोरांच्या कितीतरी पिढ्या नाचून गेल्या तरी टिकलो.

माझ्या पुढच्या फळीवर एक ठसठशीत ‘ढ’ कोरलाय. पेठेतली झुंबर तेव्हा सातवीत होती. पाढे म्हणताना अडकायची, म्हणून धनपाल नावाच्या कारट्यानं कर्कटकानं तो कोरला. "तुझी जागा हाय ही, चुकायची न्हाईस," म्हणाला. झुंबर आधी रडली, मग त्याच्या पाठीत दप्तर घातलं.

पुढं लग्न होऊन झुंबर शाळेसमोरच्याच घरात आली. कोणता मास्तर उशिरा आला, कुणाच्या डब्यात काय, सगळं तिला गॅलरीतून कळायचं. शाळेचं कुलूप निघालं की तिची मान बाहेर.

आणि एक दिवस त्या दाराला दुसरंच कुलूप लागलं. पोरं कमी झाली म्हणून शाळा उचगावच्या वाटेवर पत्र्याच्या शेडात हलवली. इमारत घेतली यशराजनं, हॉटेल करायला. पोरगा इथलाच, पण शिकला बोर्डिंगात. त्याला हॉटेलात ‘भारतीय वातावरण’ पाहिजे होतं, म्हणून त्यानं सजावटीसाठी लंडनहून एक मॅडम आणली. कोल्हापुरात भारतीय वातावरण लंडनहून आणावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं!

मग काय विचारता! प्रार्थनेच्या जागी पोहायचा तलाव झाला. बाहुलीच्या वाटीत मिसळ आली, वर एक फूल. दारात एका धिप्पाड गड्याला फेटा बांधून, खोट्या मिशा चिकटवून उभा केला. तो येणाऱ्याला वाकून ‘नमस्ते’ म्हणायचा आणि वळून मिशीखाली खाजवायचा.

माझे सगळे भाऊबंद जळणाला गेले. मी वाचलो तो ‘ढ’मुळं.

"वॉव, पीकॉक!" ‘ढ’कडं बोट करून मॅडम ओरडली. तिला मोर दिसला, म्हणून यशराजलाही मोरच दिसला. तोच मोर टॉवेलांवर, ताटांवर, उशांवर चढला. वाढपी भटारखान्यात जाऊन पोट धरून हसायचे, पण साहेबाला सांगणार कोण?

इकडं झुंबरबाईची नात निशिगंधा शेडात पोत्यावर बसायची. फरशी ओल धरायची, पोर वाकून वाकून लिहायची. झुंबरबाई किती वेळा हॉटेलात येऊन गेली. "बाबा, येवढा एक बाक दे. पोरं खाली बसत्यात."

"काकू, तो अँटिक आहे," यशराज म्हणायचा. माझ्यावर कुणी बसू नये म्हणून त्यानं भोवती मखमली दोरीही बांधली. बसायचं नसेल तर मी बाक कशाला झालो?

उद्घाटनाला शेजारी म्हणून झुंबरबाईलाही बोलावणं होतं. यशराजच्या कोटावर सोनेरी खूण बघून ती थबकली.

"यशराज, छातीवर ह्ये काय रं?"

"मोर, काकू. आपल्या हॉटेलची खूण."

"मोर कुठला? ढ हाय त्यो! माझ्यासाठनं कोरल्याला. तू कशाला लावून फिरतूस?"

पावणे हातातल्या ताटांवरचा मोर निरखायला लागले. मग दारातला गडी फिस्सकन हसला आणि त्याची मिशी पडली. झालं! सगळा दिवाणखाना खदाखदा हसला.

"हा बाक आत्ताच्या आत्ता बाहेर फेका!" यशराज लाल झाला.

"फेकू नगंस, लेकरा. आज बाक न्यायचाच म्हणून टेम्पो आणलाय मी."

टेम्पोवाला कोण? धनपाल! डोक्याला टक्कल पडलेलं. ‘ढ’वरून हात फिरवत म्हणाला, "अक्षर बरं आलंय की माझं."

"गप चढव," झुंबरबाई म्हणाली.

आता मी शेडात आहे. वर पत्रा तापतो. ‘ढ’च्या जागेसाठी पोरं भांडतात, आणि तिथं वही ठेवून निशिगंधा पाढे लिहिते, पाठ ताठ ठेवून. मधेच अडकते, ‘ढ’वरून बोट फिरवते, पुढं लिहिते. टॉवेल मात्र आधीच छापून झालेले. तिकडं बडे पावणे अजून ‘ढ’नंच तोंड पुसत असतील.

माझं एकच मागणं आहे. मला परत कुणी मौल्यवान समजू नका. जागा आहे, सरकून बसा.