रेघेच्या अलीकडे

बचाव कक्षाच्या भिंतीवर समुद्राचा नकाशा होता आणि नकाशातल्या सामुद्रधुनीच्या मधोमध एक तांबडी तुटक रेघ. रेघेच्या अलीकडे कुणी बुडायला लागलं तर आपण वाचवायचं, पलीकडे बुडायला लागलं तर समोरच्या देशाने. दोन्ही सरकारांनी कधीतरी टेबलाशी बसून हे ठरवलं होतं. समुद्राला मात्र कुणी कळवलं नाही, असं ताई प्रत्येक नव्या माणसाला सांगायची आणि स्वतःच हसायची.

ताई त्या कक्षात अकरा वर्षं रेडिओवर बसत होती. कक्षप्रमुख साहेब तिच्यापेक्षा चांगले दहा वर्षांनी मोठे, पण तेही तिला ताईच म्हणत. आलेला संदेश ऐकायचा, जागा नकाशावर मांडायची, साहेबांची सही घ्यायची आणि बचाव बोट पाठवायची, हे तिचं काम. बोट चालवणारा तांडेल तिचा सख्खा धाकटा दीर. घरी वहिनी म्हणून ती त्याला दूध आणायला पिटाळायची, तशी इथे समुद्रावर पिटाळायची. फरक एवढाच, की दुधाला जाताना तो कुरकुर करायचा.

समोरच्या किनाऱ्यावरही असाच एक कक्ष होता आणि तिथल्या रेडिओवरही असाच एक माणूस. रोज सकाळी नऊला त्याचा फोन यायचा. दोघंही एकमेकांना वारा, लाटा आणि धुक्याचे आकडे सांगायचे. भाषा दोघांचीही नव्हती, बंदरात सगळ्यांना येते तसली होती. ताई त्याला शेजारी म्हणायची. त्याचं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं, खोकला मात्र हजारांत ओळखला असता. त्याच्या मुलीची परीक्षा असली की वाऱ्याच्या आधी ताई पेपर कसा गेला ते विचारायची.

त्या दिवशी सकाळी सव्वाआठला एका मालवाहू जहाजाने कळवलं, की एक लाकडी नाव बंद पडून वाहत चालली आहे. माणसं बारा-पंधरा असावीत. हात हलवताहेत, डब्याने पाणी उपसताहेत. जहाज अवाढव्य, त्यात लाटा मोठ्या, नावेजवळ गेलो तर आमच्याच धक्क्याने ती उलटेल, असं म्हणून कप्तानाने जागा सांगितली आणि तो आपल्या वाटेने गेला.

ताईने जागा मांडली. रेघेच्या पलीकडे, दीड मैल.

"पलीकडे ना?" साहेब चष्मा पुसत म्हणाले. "मग त्यांना कळवा, नोंद करा आणि विषय संपवा."

तिने कळवलं. शेजारी खोकून म्हणाला, "ताई, परवापासून आम्हाला नवा हुकूम आहे. तुमच्या किनाऱ्याकडून आलेली नाव असली तर आमची बोट हलायची नाही. वरून परवानगी हवी. मागितली आहे."

"ती माणसं कुठल्या किनाऱ्याची आहेत हे तुम्हाला कुठे ठाऊक आहे?"

"नाही ना. म्हणूनच उत्तर यायला वेळ लागणार."

इथेच सगळं घोडं पेंड खात होतं. साहेब म्हणत होते, रेघ ओलांडून आपली बोट गेली तर दोन देशांत बोलाचाली होईल. मागे एकदा तसं झालं होतं आणि साहेबांच्या आधीचे साहेब त्यापायी घरी बसले होते. शेजारी म्हणत होता, वरून उत्तर नाही. ताईने भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं. पाणी पलीकडे ओढत होतं आणि दुपारपर्यंत ओढणारच होतं. नाव आपणहून अलीकडे येण्याची आशाच नव्हती. ती दक्षिणेला सरकत उथळ पट्ट्याकडे जाणार होती. तिथे वाळूवर लाटा फुटतात. मजबूत होड्याही तिथून लांबून जातात.

तिने साहेबांना हे सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. "मला कळतंय, ताई," ते म्हणाले, "पण माझे हात बांधलेले आहेत." अर्ध्या तासाने तिने पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी मान वर न करता फक्त हात हलवला. नऊला शेजाऱ्याचा फोन आला, तेव्हा वाऱ्याचे आकडे दोघांनीही सांगितले नाहीत. त्याला अजून उत्तर आलं नव्हतं.

साडेनऊला ताईने स्वतःहून फोन लावला.

"तुम्ही मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "की नाव वाहत रेघेच्या अलीकडे आली आहे."

पलीकडून हळू आवाज आला, "ताई, बोलणं टेप होतंय."

"माहीत आहे."

"प्रवाह उलटा आहे. कुणी कोष्टक पाहिलं तर?"

"तर माझं मी बघेन."

तो खोकला. मग एखादी बातमी वाचून दाखवावी तसा स्वच्छ आवाजात म्हणाला, "आमच्या रडारवर नाव रेघेच्या तुमच्या बाजूला दिसते आहे. अर्धा मैल आत. जबाबदारी तुमची." आणि फोन ठेवला.

ताईने नोंदवहीत रेखांशाचा शेवटचा आकडा नऊऐवजी सहा लिहिला. अकरा वर्षांत तिने एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. तिने वही साहेबांपुढे धरली आणि सहीच्या जागी बोट ठेवलं. साहेबांनी वही पाहिली, नकाशा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. आणि सही केली.

आता पुढची पंचाईत. वहीत लिहिलेल्या जागी बोट गेली असती तर तिथे तिला नुसतं पाणी सापडलं असतं. खरी जागा दिराला सांगायची तर रेडिओवर बोलणं टेप होणार. ताई 'आलेच' म्हणून उठली आणि तीन मजले जिना उतरून धक्क्यावर धावली. बोटीचे दोर सोडत होते. दीर सुकाणूपाशी होता, बरोबर तिघे खलाशी.

"वहिनी? काय झालं?"

"तुला दिलेली जागा खोटी आहे," ती धापा टाकत म्हणाली. "नाव पलीकडे आहे. तू पोचेपर्यंत रेघेपासून तीन मैल आत गेलेली असेल, उथळ पट्ट्याच्या तोंडाशी. मी हिशेब केलाय." तिने कागदाचा चिठोरा पुढे केला.

त्याने चिठोरा वाचला. "साहेबांना माहीत आहे?"

"नाही."

"दादाला?"

"त्यांना कशाला माहीत असेल? ते कामावर गेलेत." मग ती एकदम म्हणाली, "तुला नसेल जायचं तर जाऊ नकोस. तुझ्या दोन मुली आहेत. मी तुला काहीही म्हणणार नाही."

दिराने मागे वळून तिघांना काय आहे ते दोन वाक्यांत सांगितलं. एकाने थुंकून म्हटलं, "चला की मग, वेळ का काढताय?"

"वहिनी, जिना सावकाश चढ," दीर म्हणाला. "पडलीस तर दादा माझ्यावरच ओरडेल." आणि त्याने इंजिन सुरू केलं.

ताई वर येऊन बसली. पडद्यावर बोटीचा हिरवा ठिपका रेघेकडे सरकत होता. वहीत लिहिलेली जागा त्याने न थांबता ओलांडली. मग रेघ ओलांडली. साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे होते, हे तिला त्यांच्या श्वासावरून कळलं.

"परत बोलवा त्याला," साहेब म्हणाले.

ती हलली नाही. साहेबांनी स्वतः माइक घेतला, दोनदा हाक मारली. पलीकडून नुसती खरखर. त्यांनी माइक ठेवला आणि शेजारच्या स्टुलावर बसले. नियमाप्रमाणे त्यांनी त्याच क्षणी वर कळवायला हवं होतं. ते घड्याळाकडे बघत बसले. अर्धा तास झाला, चाळीस मिनिटं झाली.

"कोष्टक माझ्याही टेबलावर असतं, ताई," एवढंच ते शेवटी म्हणाले, आणि मग वर फोन लावायला आपल्या खोलीत गेले.

अकरा वाजून वीस मिनिटांनी दिराचा आवाज आला. नाव सापडली होती, अर्धी पाण्याखाली, माणसं कडेला लोंबकळलेली. बाराजणांना बोटीवर घेतलं होतं. बाकी दोघं होती, एक म्हातारा आणि एक बाई. "ते थोड्या वेळापूर्वी सुटले म्हणतात," दीर म्हणाला. "आम्ही चकरा मारतोय. दिसत नाहीत." मग आवाज उतरवून, "आणि माझा हात आपली बोट आणि त्यांची नाव यांच्यामध्ये सापडलाय. घरी सांगू नकोस, मी सांगतो."

थोड्या वेळापूर्वी म्हणजे किती, असं तिने विचारलं. अर्धा तास, तो म्हणाला.

हा अर्धा तास ताईच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. सव्वाआठ ते साडेनऊ. सव्वा तास ती काय करत होती? विनंत्या करत होती. कोष्टकं उघडत होती. सज्जन बाईसारखी वरून उत्तर यायची वाट बघत होती. खोटं बोलायचंच होतं तर ते पावणेनऊला का नाही सुचलं? वाचलेल्या बारांबद्दल लोक तिच्या पाठीवर थाप मारायचे, आणि तिला वाटायचं, यांना वजाबाकी येत नाही का?

चौकशी बसली. ताईने काही लपवलं नाही. आकडा मी बदलला, साहेबांना फसवून सही घेतली, दिराला मी पाठवलं. शेजाऱ्याबद्दल विचारलं तेव्हा मात्र ती म्हणाली, त्यांचं रडार चुकलं असेल, धुकं होतं. त्या दिवशी धुक्याचा मागमूस नव्हता, हे समोर बसलेल्या तिघांनाही ठाऊक होतं. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी वाचलेल्यांपैकी एक मुलगी तिला भेटायला आली. विशीची असेल. सोबत दुभाषी बाई होती. बुडालेला म्हातारा मुलीचा बाप होता. तिने ताईचे दोन्ही हात हातात घेतले, काहीतरी पुष्कळ बोलली. दुभाषीने सांगितलं, आभार मानते आहे. मग मुलीने एक प्रश्न विचारला.

"ती विचारते," दुभाषी म्हणाली, "तुम्हाला आमच्याबद्दल कधी कळलं?"

ताईला सहज दहा वाजता म्हणता आलं असतं. जहाजाने कधी कळवलं हे त्या मुलीला कुठून माहीत असणार? बापाचं जाणं मग नशिबावर घालून ती निघून गेली असती. पण एकदा खोटं बोलून झालं होतं आणि ते कुणाचा तरी जीव वाचवण्यासाठी होतं. हे दुसरं खोटं आपल्याच जिवासाठी झालं असतं.

"सव्वाआठला," ताई म्हणाली.

मुलगी सुटका होईपर्यंतचे तास बोटांवर मोजू लागली. मोजून झाल्यावर तिने ताईचे हात सोडले. रागाने नाही, हळूच, परक्या घरातली वस्तू परत जागेवर ठेवावी तशी. ती गेल्यावर ताई बाकावरून उठलीच नाही. संध्याकाळी नवरा शोधत आला आणि तिला घरी घेऊन गेला. वाटेत रस्ता ओलांडताना त्याने तिचा दंड धरला.

पुढे व्हायचं ते झालं. ताईला रेडिओवरून काढून तळमजल्यावर बसवलं, समुद्रातल्या दिव्यांच्या याद्या तपासायला. साहेबांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. सकाळी नऊचा फोन अजून येतो, पण आता समोरून कुणीतरी तरुण आवाज बोलतो, असं वर बसणाऱ्या नव्या माणसाने सांगितलं. आधीच्याचं काय झालं, असं ताईने त्याच्याकरवी दोनदा विचारून पाहिलं. सांगता येत नाही, एवढंच उत्तर मिळालं.

दिराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. बोटीवरून त्याला गोदामात घातलं. तो स्वतः त्याबद्दल अक्षर बोलत नव्हता. बोलली ती ताईची धाकटी जाऊ. इस्पितळाच्या व्हरांड्यातच बोलली, "तुम्हाला जग वाचवायचं होतं, ताई, तर स्वतः जायचं होतंत सुकाणू धरून." त्यानंतर दोन महिने एका घरात, एका चुलीपाशी, ती ताईशी बोलली नाही. मीठ हवं असलं तर मुलीला म्हणायची, काकूकडून घे.

दोन महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी जाऊ पिशवी भरून ताईच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मागे दोन्ही मुली, टॉवेल घेऊन.

"मी काही विसरलेले नाही," जाऊ म्हणाली. "विसरणारही नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"नको विसरूस," ताई म्हणाली.

"पण यांना पोहायला शिकवायचंय. ह्यांचा हात अजून पाण्यात घालायचा नाही म्हणतात डॉक्टर, आणि मला येत नाही." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्हाला येतं. चला."

ताईने चपला घातल्या. धाकटीने तिचं बोट धरलं आणि विचारलं, "काकू, पाणी खूप खोल असतं का?"

"काही ठिकाणी," ताई म्हणाली. "आपण कडेकडेने सुरुवात करू."